पुसट आकड्यांची परीक्षा : जुन्या मल्टिमीटरच्या डिस्प्लेचे निदान

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणि विजेच्या कार्यशाळेत ज्या साधनावर सर्वांत अधिक विसंबून राहावे लागते, ते साधन म्हणजे हातात मावणारा डिजिटल मल्टिमीटर. निवासी विद्यालयांत असे मीटर नवे कोरे क्वचितच येतात. काही माजी विद्यार्थी आपल्या वापरातले देऊन जातात, काही कारखान्याच्या भंगार लिलावातून मिळतात, तर काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून पारखून आणावे लागतात. अशा वापरलेल्या मीटरांपैकी अनेकांची तक्रार एकच असते : मीटर चालतो, परंतु आकडे पुसट दिसतात. बहुतेक लोक तेवढ्यावरच ‘डिस्प्ले गेला’ असा निर्णय देतात व मीटर अडगळीत टाकतात. काही जण याच्या उलट वागतात. डोळे ताणून पुसट आकडा वाचतात आणि त्याच मीटरने विजेच्या तारा तपासतात.

आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पुसट आकडा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात आणि त्यांतील निदान दोन अशी आहेत की, ती थोड्या श्रमाने व जवळजवळ खर्चाशिवाय दूर होतात. दुसरीकडे, आकडे पुन्हा ठळक झाले म्हणजे मीटर भरवशाचा झाला असेही नाही. ही पारख कोणत्या क्रमाने करावी, हे विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना व कार्यशाळेत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काचेच्या आत काय घडते?

कारण शोधण्यापूर्वी कार्य समजून घेतले पाहिजे. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ तापवताना एक विलक्षण गोष्ट आढळली. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळला, परंतु त्याचा द्रव गढूळ होता. तो स्वच्छ झाला १७८.५ अंशांना. म्हणजे या पदार्थाला जणू दोन द्रवणबिंदू होते. या दोन तापमानांमधली अवस्था द्रवासारखी वाहणारी, तरीही स्फटिकाप्रमाणे रेणूंची दिशा राखणारी होती. तिलाच पुढे द्रवस्फटिक हे नाव मिळाले. मीटरच्या डिस्प्लेत वापरली जाणारी ‘वळलेल्या रेणूंची’ रचना १९७० साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मार्टिन शाड्ट व वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी मांडली. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी खोलीच्या तापमानाला स्थिर राहणारे द्रवस्फटिक तयार केले आणि मनगटी घड्याळापासून मल्टिमीटरपर्यंत सर्वत्र हा डिस्प्ले पोहोचला. या शास्त्रात भारताचाही वाटा आहे. १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.

डिस्प्लेची रचना साधी आहे. दोन पातळ काचांमध्ये केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, म्हणजे काही मायक्रोमीटर एवढीच फट असते व तिच्यात द्रवस्फटिक भरलेला असतो. काचांच्या आतल्या बाजूंवर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर असतो. हा थर आकड्यांच्या रेघांच्या आकारात कोरलेला असतो. काचांच्या बाहेरच्या बाजूंना एकेक ध्रुवक पट्टी चिकटवलेली असते व सर्वांत मागे प्रकाश परतवणारा चंदेरी थर असतो. विद्युतदाब नसताना द्रवस्फटिकाचे रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांनी वळत जातात. त्यांच्यासोबत प्रकाशाचे ध्रुवणही वळते आणि प्रकाश मागच्या ध्रुवकातून पार जाऊन परत येतो. तो भाग उजळ दिसतो. विद्युतदाब दिला की रेणू काचेशी उभे राहतात, वळण नाहीसे होते व प्रकाश अडतो. ती रेघ काळी दिसते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. हा डिस्प्ले स्वतः प्रकाश देत नाही, तो केवळ प्रकाश अडवतो. म्हणून ‘आकडा पुसट आहे’ याचा अर्थ ‘प्रकाश पुरता अडवला जात नाही’ एवढाच होतो. असे चार कारणांनी घडू शकते. एक, रेघेला द्यायचा विद्युतदाबच अपुरा आहे. दोन, विद्युतदाब पुरेसा आहे, परंतु तो काचेपर्यंत पोहोचत नाही. तीन, ध्रुवक पट्टी खराब झाली आहे. चार, आतला द्रवस्फटिकच बिघडला आहे. पुढील सर्व तपासणी म्हणजे या चारांपैकी खरा दोषी ओळखणे होय.

पेचकस हाती घेण्यापूर्वी

अनुभव असा आहे की, निम्मे निदान मीटर न उघडताच होते. प्रथम टेस्ट लीड काढून ठेवाव्यात, मीटर चालू करावा व भरपूर उजेडात पुढील चार गोष्टी कराव्यात.

पहिली, नवी बॅटरी घालावी. जुन्या बॅटरीवर मीटर ‘चालतो आहे’ हे पुरेसे नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीची तपासणी ती मीटरमध्ये असताना व मीटर चालू असतानाच दुसऱ्या मीटरने करावी, कारण भाराविना मोजलेला व्होल्टेज फसवा असतो. बॅटरीच्या टोप्या हिरवट किंवा पांढऱ्या झाल्या असतील, तर त्या घासून स्वच्छ कराव्यात.

दुसरी, मीटर हातात तिरपा करून पाहावे. हे डिस्प्ले बहुधा समोरून व किंचित खालच्या बाजूने पाहण्यासाठी बनवलेले असतात. वरून पाहिल्यास चांगला डिस्प्लेही फिकट वाटतो. मात्र समोरून पुसट असलेले आकडे तिरपे पाहताच ठळक होत असतील, तर रेणू अर्धवटच उभे राहत आहेत, म्हणजे दोष अपुऱ्या विद्युतदाबाचा आहे असे समजावे. कोणत्याही कोनातून आकडे ठळक होत नसतील, तर ध्रुवक किंवा काच यांच्याकडे लक्ष द्यावे.

तिसरी, डिस्प्लेच्या चौकटीवर वरच्या व खालच्या कडेला अंगठ्याने हलका दाब द्यावा. दाबताच एखादी हरवलेली रेघ परत आली किंवा आकड्यांचा काळेपणा बदलला, तर दोष जोडणीचा आहे. ही सर्वांत शुभ खूण होय, कारण हा दोष हमखास दुरुस्त होतो.

चौथी, ध्रुवक काचेचा गॉगल किंवा निकामी कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरून काढलेली ध्रुवक पट्टी डिस्प्लेसमोर धरून सावकाश फिरवावी. निरोगी डिस्प्ले एका स्थितीत पूर्ण काळा होतो व तेथून ९० अंशांवर पूर्ववत दिसतो. याउलट, एरवी पुसट असलेले आकडे ही पट्टी धरताच स्पष्ट उमटले, तर मीटरची पुढची ध्रुवक पट्टी आपले काम करीत नाही हे सिद्ध झाले. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी ही पट्टी तपकिरी पडते, तिच्यावर फोड येतात किंवा ती सुटू लागते.

तापमानाचाही विचार करावा. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या मीटरचा डिस्प्ले पूर्ण काळा पडलेला दिसतो. उष्णतेने द्रवस्फटिकाची दिशा हरवून तो साधा द्रव झालेला असतो. सावलीत थंड झाल्यावर तो बहुधा आपोआप सुधारतो. थंडीत उलट घडते, आकडे सावकाश बदलतात. हे दोष नव्हेत.

झेब्रा पट्टी : सर्वांत जास्त आढळणारा गुन्हेगार

काचेला तार डाग देऊन जोडता येत नाही. म्हणून काच व सर्किट बोर्ड यांच्यामध्ये एक रबरी पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात कार्बनमिश्रित काळे वाहक थर व सिलिकॉनचे पांढरे विरोधक थर एकाआड एक असतात. या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे तिला झेब्रा पट्टी म्हणतात. बोर्डावरच्या प्रत्येक सोनेरी पट्टीपासून काचेवरच्या तिच्या जोडीदारापर्यंत वीज नेण्याचे काम हे काळे थर करतात. जोडणी टिकते ती केवळ दाबावर. स्क्रू सैल झाले, प्लॅस्टिकची चौकट वाकली, बॅटरीची वाफ लागली किंवा वर्षानुवर्षांचा तेलकट थर साचला की, जोडणीचा रोध वाढतो व काही रेघा फिकट होतात किंवा नाहीशा होतात. शेजारशेजारच्या रेघा एकदम गेल्या असतील, तर संशय प्रथम याच पट्टीवर घ्यावा.

सफाईची रीत अशी. बॅटरी काढावी. मीटर उघडून डिस्प्लेची चौकट सोडवण्यापूर्वी काच व पट्टी कोणत्या बाजूने बसली आहे याचे चित्र काढून ठेवावे. पट्टी बोटांनी न धरता चिमट्याने उचलावी. धागे न सुटणारे कापड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये ओले करून पट्टीच्या दोन्ही कडा, बोर्डावरील पट्ट्या आणि काचेची कड हलक्या हाताने पुसाव्यात. काचेवरचा वाहक थर दिसत नाही, परंतु तो तेथे असतो. म्हणून काचेवर खोडरबर, सँडपेपर किंवा पाते मुळीच लावू नये. अल्कोहोल ध्रुवक पट्टीच्या कडेत शिरू देऊ नये. सर्व भाग पूर्ण वाळल्यावर झेब्रा पट्टी उलटी करून, म्हणजे वरची कड खाली घेऊन बसवावी. त्यामुळे जुन्या दाबाच्या खुणा बदलतात. स्क्रू एकेक करून सर्वांवर सारखा ताण येईल असे घट्ट करावेत. कोपऱ्यातला एक स्क्रू फार घट्ट केल्यास काच तडकते.

काही मीटरांत झेब्रा पट्टीऐवजी काचेला उष्णतेने चिकटवलेली पातळ पट्टी असते. ती काचेपासून सुटली असेल, तर मऊ रबराखालून हलका दाब व माफक उष्णता देऊन कधी कधी पुन्हा चिकटते. येथे यशाची खात्री देता येत नाही. त्यामुळे ती ओढून पाहण्याचा मोह टाळावा.

चालक आयसीची तपासणी

जोडणी स्वच्छ करूनही आकडे पुसट राहिले, तर काचेला मिळणारा विद्युतदाब मोजावा. साडेतीन अंकी जुन्या मीटरांपैकी असंख्य मीटर आयसीएल ७१०६ या आयसीवर किंवा तिच्या नकलेवर चालतात. सर्वांच्या परिचयाचा स्वस्त डीटी-८३० जातीचा मीटरही याच कुळातला आहे. त्यात ही आयसी बहुधा काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली असते.

द्रवस्फटिकाला एकदिश विद्युतदाब सोसत नाही. त्याने आतल्या द्रवाचे विघटन होते. म्हणून आयसी मागच्या सामाईक थराला, म्हणजे बॅकप्लेनला, सुमारे ५ व्होल्टची चौकोनी लहर देते. घड्याळ ४८ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर ही लहर ६० हर्ट्झची असते. जी रेघ उमटवायची नाही तिला हीच लहर त्याच तालात दिली जाते. जी उमटवायची तिला उलट्या तालात दिली जाते. म्हणून दुसऱ्या डिजिटल मीटरने एसी मापनात बॅकप्लेन व उमटलेली रेघ यांमध्ये मोजल्यास सुमारे ५ व्होल्ट आणि न उमटलेली रेघ असल्यास जवळजवळ शून्य मिळाले पाहिजे. त्याच दोन ठिकाणी डीसी मापनात शून्याच्या आसपासच आकडा यायला हवा. एसी व्होल्टेज पुरेसा असूनही रेघ पुसट असेल, तर दोष काचेचा किंवा ध्रुवकाचा. व्होल्टेजच कमी असेल, तर दोष आयसीचा अथवा तिच्या पुरवठ्याचा.

आयसी ४० पायांची असेल, तर आणखी एक सोय आहे. तिचा ३७ वा पाय हा चाचणीचा असतो. तो क्षणभर पहिल्या पायाशी, म्हणजे धन पुरवठ्याशी जोडला की, सर्व रेघा एकदम उमटून १८८८ दिसले पाहिजे. मात्र ही जोडणी एक-दोन सेकंदांहून अधिक ठेवू नये, कारण या अवस्थेत रेघांना एकदिश विद्युतदाब मिळतो व डिस्प्ले कायमचा बिघडू शकतो.

येथे बॅटरीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या आयसीत डिस्प्लेचा विद्युतदाब आतच सुमारे ५ व्होल्टवर राखला जातो. त्यामुळे बॅटरी बरीच उतरेपर्यंत आकडे ठळकच राहतात. परंतु मोजमापाचा आधार असलेला अंतर्गत संदर्भ व्होल्टेज पुरवठा ७ व्होल्टच्या खाली जाताच ढळू लागतो. संदर्भ कमी झाला की, आकडा खऱ्याहून मोठा दिसतो. म्हणजे या जातीच्या मीटरात बॅटरीमुळे आकडे पुसट होईपर्यंत मोजमाप आधीच चुकू लागलेले असते. बॅटरीची खूण दिसल्यावर ‘अजून दिसते आहे’ म्हणून काम रेटणे किती अयोग्य आहे, हे यावरून कळावे.

३ व्होल्टवर चालणाऱ्या अनेक नव्या मीटरांत एकच तार आळीपाळीने अनेक रेघांसाठी वापरलेली असते. तेथे उमटणाऱ्या व न उमटणाऱ्या रेघांच्या विद्युतदाबांत फरक थोडा असतो. अशा मीटरात विद्युतदाब थोडा कमी झाला तरी सर्व आकडे फिकट होतात आणि थोडा वाढला की, न उमटणाऱ्या रेघांचीही सावली दिसू लागते.

काचच गेली असेल तर

कडेपासून आत पसरणारा शाईसारखा काळा डाग, तडा, किंवा विद्युतदाब पुरेसा मिळूनही कायम फिकट राहणाऱ्या रेघा या काच निकामी झाल्याच्या खुणा आहेत. यावर इलाज नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या बंद मीटरची काच मिळाली तरच तो मीटर पुन्हा वापरात येईल. ध्रुवक पट्टी मात्र बदलता येते. जुनी पट्टी हळूच सोलून, काचेवरचा डिंक साफ करून नवी पट्टी योग्य दिशेने लावावी लागते. दिशा ९० अंशांनी चुकली, तर काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आकडे दिसतात. म्हणून चिकटवण्यापूर्वी मीटर चालू ठेवून दिशा ठरवून घ्यावी.

ठळक आकडा खरा असतोच असे नाही

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. सात रेघांच्या आकड्यात एक रेघ हरवली, तर तो आकडा अनेकदा दुसराच, पण पूर्ण विश्वासार्ह वाटणारा आकडा बनतो. ८ मधली मधली रेघ गेली की ० होतो, वरची उजवी गेली की ६ होतो, खालची डावी गेली की ९ होतो. ७ ची माथ्याची रेघ गेली की १ उरतो. वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

याहून धोकादायक आहे साडेतीन अंकांतला तो अर्धा अंक, म्हणजे डावीकडचा १. हा १ उमटत नसेल, तर छतावरील सौर पॅनेलच्या साखळीतील १२३.० व्होल्ट २३.० असे दिसतील. जी तार स्पर्शास घातक आहे, ती निरुपद्रवी वाटेल. दुसरे उदाहरण आणखी गंभीर आहे. मोजायची राशी मर्यादेबाहेर गेली, तर या जातीचे मीटर बाकीचे अंक विझवून फक्त डावीकडचा १ दाखवतात. मीटर २०० व्होल्टच्या मर्यादेवर असताना घरगुती २३० व्होल्ट मोजले, तर हेच घडते. आता तो १ मृत असेल, तर जिवंत तारांवर मीटर कोरा दिसेल, फार तर एखादा दशांशबिंदू उमटेल. ‘वीज नाही’ असे समजून कोणी तारेला हात लावला, तर त्या हरवलेल्या दोन बारीक रेघांची किंमत एका जिवाएवढी ठरेल.

म्हणून दुरुस्तीनंतर प्रत्येक रेघ उमटते की नाही हे पाहिल्याखेरीज मीटर वापरात आणू नये. अनेक चांगले मीटर चालू होताना क्षणभर सर्व रेघा दाखवतात. त्या क्षणी लक्ष देऊन पाहावे. ही सोय नसलेल्या मीटरसाठी एक सोपी युक्ती आहे. १.५ व्होल्टच्या नव्या सेलच्या दोन टोकांना १० किलोओहमच्या व्हेरिएबल रेझिस्टरची बाहेरची दोन टोके जोडावीत. मधले टोक व सेलचे ऋण टोक यांमध्ये मीटर २००० मिलिव्होल्टच्या मर्यादेवर लावावा व मूठ अगदी सावकाश फिरवावी. आकडा शून्यापासून १५०० च्या वर जाईल. या प्रवासात शेवटच्या तिन्ही घरांत सर्व अंक येऊन जातात व हजारानंतर डावीकडचा १ उमटलाच पाहिजे. मग लीड अदलाबदल करून ऋण चिन्ह पाहावे. शेवटी मर्यादा बदलत दशांशबिंदू योग्य जागी सरकतो का, हेही पाहावे.

मीटर उघडलेलाच आहे, तर फ्यूजही पाहून घ्यावा. वापरलेल्या मीटरांत फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद आढळणे दुर्मीळ नाही. अशा मीटरने वीजप्रवाह मोजणे म्हणजे हातात स्फोटक धरणे होय. कंपनीने सांगितलेल्या मापाचाच फ्यूज घालावा.

आणि वीज बंद आहे की नाही हे ठरवताना तीन वेळा मोजण्याचा नियम पाळावा. प्रथम, वीज आहे हे निश्चित माहीत असलेल्या जागी मीटर लावून तो योग्य आकडा दाखवतो हे पाहावे. नंतर ज्या तारेवर काम करायचे ती तपासावी. पुन्हा पहिल्या जागी येऊन मीटर अजूनही बरोबर आहे याची खात्री करावी. नव्या मीटरलाही हा नियम लागू आहे. जुन्या मीटरला तर तो अपरिहार्य आहे.

तपासणीत उत्तीर्ण झालेल्या मीटरच्या पाठीवर तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावण्याची सवय विद्यार्थ्यांनी ठेवावी. जो मीटर एखाद्याही रेघेत अनुत्तीर्ण होईल, तो २३० व्होल्टच्या कामातून कायमचा बाद करावा. त्याची झेब्रा पट्टी, ध्रुवक, मूठ व स्क्रू दुसऱ्या मीटरला उपयोगी पडतात. म्हणून तो भंगारात न देता ‘सुट्या भागांसाठी’ असे लिहून कार्यशाळेच्या कपाटात वेगळा ठेवावा.